चिडीचूपचे वकील

आमच्या मजल्यावर भरली वांगीसुद्धा फलाटावर लागायची.

म्हणजे असं, की संध्याकाळी शेजारच्या ब्लॉकमधून खणखणीत आवाज यायचा, "लक्ष द्या! लक्ष द्या! भरली वांगी... आणि तांदळाची भाकरी... थोड्याच वेळात... ताटात... येत आहे! घरतकाकूंनी कृपया... हात धुऊन... बसावे!"

हे घरतकाका. पनवेलच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर. दिवसभर माइकवर उरण, पेण, अलिबाग करायचे आणि घरी येताना फक्त माइक तिथे ठेवून यायचे. बाकी सगळं जिना चढून घरी. एकेक शब्द सुटा, आणि तोंड एवढं उघडायचे की समोरच्याने दाढा मोजाव्यात.

मी तेव्हा एस.वाय. बी.कॉम.ला होतो, म्हणजे मिमिक्री करत होतो. सकाळी न सुरू होणारी रिक्षा, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जोगळेकर यांचा खोकला, शाळेतल्या सरांचं पेंगणं, सगळं काढून दाखवायचो. पण माझा हुकमी आयटम म्हणजे घरतकाका. टाळ्याच टाळ्या. काकांना हे माहीत होतं. एकदा जिन्यात गाठलंच त्यांनी.

"काय रे विन्या, कॉलेजात मला काढलास म्हणं?"

"थोडंसंच, काका."

"तोंड बरोबर उघडलास ना? नायतर काय उपेग नाय."

मला वाटलं, कलाकाराची कदर करतायत.

काकू म्हणजे काकांच्या बरोबर उलट. बोलायच्याच नाहीत. मागून "काय काकू, बाजारात का?" म्हणा, ढिम्म. जोगळेकरकाकूंनी एकदा जिन्यात मागून हाक मारून हळदीकुंकवाचं बोलावणं केलं, तर या वळल्यासुद्धा नाहीत. झालं! त्या दिवसापासून सोसायटीचा निकाल लागला : बाई शिष्ट आहे. काकांना कोणी विचारलं की ते एवढंच म्हणायचे, "तिला गर्दी आवडत नाय." विषय बंद.

तर आता मुद्द्याचं. आमच्याकडे केबल होती इम्रानची. त्याचा भाऊ कुवेतला. तिथे टीव्हीवर लागणारी इंग्रजी कार्टून तो कॅसेटवर उतरवून पाठवायचा आणि इम्रान ती रोज साडेसहाला आम्हाला दाखवायचा. हिरो डगला घालून उडायचा. त्याचं खरं नाव कोणालाच नीट म्हणता येत नव्हतं, म्हणून तो 'डगलेवाला'. इंग्रजी कळत नव्हतं, तरी काही अडत नव्हतं. डगलेवाला उडणार, कोणाला तरी बदडणार, कमरेवर हात ठेवून हसणार.

पण त्यातला एक भाग वेगळा होता. त्यात डगलेवाला नावालाच. सगळी स्टोरी व्हिलनची. काडीसारखा बारीक, डोक्यावर उंच टोपी. हा शहरातले आवाज चोरतो. आगगाडीची शिट्टी, घड्याळाचे टोले, बायकांची भांडणं, सगळं शोषून काचेच्या बरण्यांत भरतो. आम्ही त्याचं नाव ठेवलं चिडीचूप. शेवटचा आवाज चोरतो तो डगलेवाल्याचं हसणं, आणि मग...

मग इम्रान सिनेमाची गाणी लावायचा.

एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा घरतकाका पायात स्लीपर सरकवून निघाले. मी मागे. असला आयटम फुकट कोण सोडणार?

इम्रानचं ऑफिस म्हणजे एक खोली, एक खाट आणि चार व्हीसीआर. काका दारातूनच गरजले, "गाडी अर्ध्या रस्त्यात सोडतो काय रे आमी? भाग पुरा का नाय दाखवत?"

"काका, अल्ला कसम, कॅसेटच खराब हाय," इम्रान म्हणाला. "बारा मिनटांनंतर साऊंडच नाय. तीनदा हेड क्लीन केला. पब्लिक फोन करून शिव्या घालते."

"लाव."

इम्रानने लावली. चित्र चालू, आवाज नाही. गाड्या पळतायत, कुत्रे भुंकतायत, सगळं मुकं. मी एक मिनिट बघितलं आणि माझी ट्यूब पेटली. "अरे इम्रान! कॅसेट कसली खराब? आवाज त्याने चोरलाय ना! म्हणून नाही येत!"

इम्रानने कपाळावर हात मारला. काकांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते खाटेवर बसून शेवटपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "रिवाइन कर." चार वेळा रिवाइन केली.

त्या दिवसापासून काका चिडीचूपचे वकील झाले. नाक्यावर, स्टँडवर, दुधाच्या रांगेत. "तो व्हिलन नाय! ऑर्केस्ट्रात ढोल वाजवायचा. ढोल वाजवून वाजवून कान गेले, तर काढून टाकला त्याला. लोक हसले. आता मला सांगा, चोर कोण?"

"पण काका, आवाज चोरले ना त्याने?"

"चोरले नाय. स्वतःची शांतता सगळ्यांना वाटली."

एवढ्यावर थांबले असते तर काका कसले. गणपतीच्या मीटिंगमध्ये उभे राहिले. "तिसऱ्या दिवशी आरतीनंतर तो भाग दाखवायचा. पुरा. सगळ्यांसमोर."

जोगळेकर आधी खोकले. मग म्हणाले, "घरत, बाप्पासमोर चोराचा कार्यक्रम? आणि तो डगलेवाला कुठे काय वाईट करतो? तो दाखवा की!"

"त्याला रोजच बघतो. उडतो नि हसतो. अक्कल नाय त्याला."

"कमिटीला हे मान्य नाही."

"ठीक हाय. माझा भाग नाय, तर माझी आरती पण नाय."

मीटिंगमध्येच चिडीचूप शिरल्यासारखं झालं. आमची आरती म्हणजे घरतकाका. बाकीचे आम्ही टाळ्या वाजवणार आणि कडव्याचा शेवटचा शब्द पकडणार. जोगळेकरांनी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. एकालाही दुसरं कडवं येत नव्हतं. भाग मंजूर झाला. फक्त अट घातली, की विन्याने मराठीत आवाज द्यायचे, म्हणजे लोकांना कळेल.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडवात जोगळेकरांचा रंगीत टीव्ही टेबलावर, इम्रानचा व्हीसीआर खाली, आवाज मांडवाच्या कर्ण्यांना जोडलेला. कर्ण्यांच्या मशीनच्या बटणांजवळ घरतकाका. आणि पहिल्या रांगेत, सोसायटीत आल्यापासून सहा वर्षांत पहिल्यांदा, घरतकाकू. बायकांमध्ये कुजबुज झाली. त्यांनी वळून बघितलं नाही.

पहिली बारा मिनिटं मी मांडव डोक्यावर घेतला. डगलेवाल्याला जोगळेकरांचा खोकला दिला. हशा! काकू मात्र हशा सुरू झाला की आजूबाजूला बघायच्या आणि मग हसायच्या. प्रत्येक वेळी थोडं उशिरा.

मग पडद्यावरचा आवाज गेला. मी तयारीतच होतो. मुकी गाढवं, मुके पोलीस, सगळ्यांकडून काय काय वदवून घ्यायचं ठरवलं होतं! तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी माइक काढून घेतला.

"आता गप."

"काका, पण..."

"गप म्हणलं ना. हा तिचा हाय."

मी पहिल्या रांगेकडे बघितलं.

पडद्यावर चिडीचूप रस्त्यात आला होता. कोणाला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून सगळं शहर हातांनी बोलत होतं. पाववाल्याने त्याला बोटांनी विचारलं, किती? त्याने दोन बोटं दाखवली. एका मुलीने त्याच्या टोपीकडे बोट दाखवलं, त्याने टोपी काढून तिला वाकून नमस्कार केला. काकू हसल्या. मोठ्याने, सगळ्या मांडवाच्या आधी. मग मांडव हसला. शेजारच्या जोगळेकरकाकूंना एक खूण कळली नाही, तर त्यांनी काकूंना ढोसून भुवया उडवल्या, काय? काकूंनी हात नाचवून सांगितलं. त्या दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात मारून हसायला लागल्या.

काकूंना मागून मारलेल्या सगळ्या हाका मला आठवल्या. तोंड बरोबर उघडलास ना, तेही आठवलं.

शेवट मला ठाऊक होता. डगलेवाला येतो, बरण्या फोडतो, सगळे आवाज धडाक्याने परत येतात. लोक आपापसांत बडबडायला लागतात आणि चिडीचूप भर चौकात एकटा उरतो. डगलेवाल्याने मूठ उगारली. काकांनी हात पुढे केला आणि मशीनचं आवाजाचं बटण शेवटापर्यंत उलटं फिरवलं.

बरण्या फुटल्या. आवाज आला नाही.

"अहो घरत, आवाज गेला!" जोगळेकर उठलेच. "इम्रान, हेड क्लीन कर!"

"आवाज गेला नाय," काका म्हणाले. माइक तोंडाशी नव्हता, पण सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "मी बंद केलाय."

"का पण?"

"माझी मर्जी. परत चालू करून दाखवा, उद्यापासून आरती तुमी म्हणायची."

जोगळेकर बसले. चिडीचूप एकटा पडल्याचं त्या संध्याकाळी आमच्या मांडवात कोणालाच कळलं नाही. जोगळेकरकाकू आणि घरतकाकू तर चित्र संपल्यावरही हातांनीच बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे प्रसाद घेऊन गेलो. काका दारात होते. मी हळूच म्हटलं, "काका, तुम्ही एवढ्या मोठ्याने बोलता ते..."

"आता तेवढं पण पोचत नाय तिला," ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू. "तोंड बघून वळखते. तिनंच सांगितलं होतं, कोनाला बोलू नका, लोक कीव करतात. तू पण गप ऱ्हा."

काकू आतून आल्या. मी प्रसाद त्यांच्या हातात दिला, दोन पावलं मागे सरलो, खांदे ताणले, तोंड दाढा दिसेपर्यंत उघडलं आणि आवाज न काढता, एकेक शब्द सुटा करत म्हटलं : लक्ष द्या, लक्ष द्या. मोदक ताटात येत आहेत.

काकूंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं आणि दाराची चौकट धरून हसत राहिल्या.

"हूं," काका म्हणाले. "तोंड अजून थोडं उघड."