जावयाच्या गाडीत वाळवलेले सोडे

प्रफुल्ल म्हात्र्यांनी त्या शुक्रवारी फक्त एवढंच ठरवलं, की भर उन्हात गच्चीवर काठी घेऊन बसायचं नाही. माणसानं इतकंही ठरवू नये का? पण प्रफुल्लरावांनी काही ठरवलं की घरातल्या कुणाला तरी ते भोगावं लागतं, हे उरणजवळच्या त्यांच्या अख्ख्या आळीला पाठ होतं.

प्रफुल्लराव तालुक्याच्या कचेरीत कारकून. पण त्यांचा खरा जीव मोबाइलवरच्या घरगुती टिप्समध्ये. टूथपेस्टची ट्यूब उभी चिरून आठवडाभर पुरवायची, चहाचा चोथा गुलाबाला घालायचा, एकाच कुकरमध्ये खाली डाळ, मध्ये भात आणि वर खीर लावायची. (कुकरात एक चौथा डबा बोंबलांचाही होता. ती खीर शेजारच्या कुत्र्यानं नुसती हुंगली आणि तो दोन दिवस त्यांच्या दारात फिरकला नाही.)

लेकीच्या, प्राप्तीच्या लग्नातही त्यांनी एक टिप वापरली होती. पाहुणे अर्धं पाणी टाकून देतात, म्हणून पंगतीत पेले अर्धेच भरायचे. नेमका नवरदेवाच्या वडिलांना, गुणाजींना, पहिल्याच घासाला ठसका लागला आणि पेला दोन घोटांत संपला. वाढपी येईपर्यंत व्याही लालबुंद झाले होते. त्यानंतर दोन वर्षं गुणाजी त्यांच्याशी 'बरं हाय ना' यापलीकडे बोलले नव्हते. सासरी प्राप्तीला पाणी देतानासुद्धा सासूबाई विचारत, "पूर्न देऊ का अर्धा?"

आता हे सगळं धुऊन काढायची संधी आली होती. जावई धनेश न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामात. त्यानं सात जणांची नवी कोरी गाडी घेतली. त्याच्या बिल्डिंगखाली जागा नव्हती, म्हणून गाडी रविवारपर्यंत सासऱ्यांच्या अंगणात लावली. रविवारी तीत सगळ्यात आधी गुणाजी बसणार आणि मग सगळे एकविरेला जाणार, असं ठरलं होतं. तोवर आत कुणी बसायचं नव्हतं. धनेशनं चावी सासऱ्यांच्या हातात दिली, तेव्हा प्राप्तीनं त्यांना बाजूला घेतलं.

"पप्पा, तिकडं आधीच मला टोमने खावे लागतात. या टायमाला माझी मान खाली जाईल असा काय करू नका."

"अगं, गाडी नुसती उभीच तर राहनार हाय. मी काय करनार?" प्रफुल्लराव म्हणाले. आणि त्या वेळी ते अगदी मनापासून म्हणाले.

दिवस आगोटीचे. पाऊस दोन आठवड्यांवर आलेला आणि घरोघर सुकी मासळी भरून ठेवायची घाई. प्रफुल्लरावांच्या बायकोनं, भावनाबाईंनी, दोन किलो सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, निवडून ठेवले होते. पण ते जरा सादळले होते. त्यांना बहिणीकडे दिवेआगरला जायचं होतं. निघताना त्यांनी नवऱ्याला बजावलं, "रजा टाका आनि सोडे गच्चीवर वालत घाला. काठी घेऊन बसा. कावला एक जरी सोडा घेऊन गेला ना, तर पावसात तुमाला वरन-भातच खावा लागंल."

रजा! प्रफुल्लराव रजासुद्धा काटकसरीनंच वापरत. आणि तेवढ्यात मोबाइलवर एक बाई दिसल्या. बंद गाडीत ताटभर मेथी ठेवून त्यांनी ती दुपारपर्यंत कुरकुरीत वाळवली होती. गॅस नको, वीज नको, कावळ्याचा तर प्रश्नच नाही. प्रफुल्लरावांनी खिडकीतून अंगणात पाहिलं. मे महिन्याच्या उन्हात गाडी चकाकत होती.

ती मेथी होती आणि हे सोडे आहेत, हा फरक एखाद्या लहान मुलालाही कळला असता. पण लहान मुलं टिप्स बघत नाहीत.

सीटवरची प्लास्टिकं अजून काढलेली नव्हती. त्यांवर वर्तमानपत्रं अंथरून त्यांनी सोडे पसरले. मागच्या सीटवर, पुढच्या सीटवर, उरलेले डॅशबोर्डवर. काचा घट्ट बंद केल्या आणि शीळ घालत कचेरीत गेले.

संध्याकाळी परतले तेव्हा गाडीभोवती सात मांजरं बसली होती. एक तर बॉनेटवर चढून काचेतून आत बघत होतं. प्रफुल्लरावांनी दार उघडलं आणि ते दोन पावलं मागे आले. सोडे वाळले होते, तक्रारीला जागाच नव्हती. एखादा बोटानं दाबला की कट्कन मोडत होता. फक्त त्यांचा वास गाडीतच राहिला होता.

मग वासावरच्या टिप्स सुरू झाल्या. लिंबाच्या फोडी ठेवा म्हणे, ठेवल्या. कांदा चिरून ठेवा, वास ओढून घेतो. चार कांदे चिरले. करवंटीचा कोळसा ठेवला, कोकमाची सोलं भिजवून ती वाटी ठेवली. शनिवारी दुपारी ऊन पुन्हा तापलं आणि सगळं एकजीव झालं.

संध्याकाळी भावनाबाई आल्या. फाटकातच थबकल्या. "अगो बाय! तुमी सोड्यांचा कालवन केलाव? इतका झ्याक?"

प्रफुल्लरावांनी गाडीकडे बोट दाखवलं.

भावनाबाई पायरीवर बसल्याच. "गुणाजी व्याही मालकरी हायेत! चवदा वरसं मासला तोंडात घातला न्हाय त्या मानसानं! उद्या पयला पाय ते ठेवनार गाडीत!"

"अत्तर हाय का घरात?" प्रफुल्लरावांनी क्षीण आवाजात विचारलं.

"खबरदार! आता अत्तर घालाल तर लोकांना वाटंल, आत मढा नेलाय."

त्या रात्री गाडीचे चारही दरवाजे उघडे होते आणि प्रफुल्लराव मांजरं हाकत काठी घेऊन बसले होते. गच्चीवर निदान दिवसा बसायचं होतं.

सकाळी धनेश आई-वडिलांना आणि प्राप्तीला घेऊन रिक्षानं आला. भावनाबाईंनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. धनेशनं वडिलांसाठी ऐटीत दार उघडलं आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. प्राप्तीनं बापाकडे पाहिलं. ती नजर प्रफुल्लरावांना सोसवेना. लेकीला आता आयुष्यभर काय काय ऐकावं लागेल, या विचारानं ते खाली वाकून फुटलेल्या नारळाची शकलं गोळा करायला लागले.

गुणाजी आत बसले. दार ओढून घेतलं. मग काहीच हालचाल नाही. डोळे मिटलेले, हात मांडीवर.

"अवो, उतरा खाली!" प्राप्तीच्या सासूबाई, मनुबाई ओरडल्या. "मालकरी मानसाला असल्या वासात बसवता? लाज कशी न्हाय वाटत या लोकांना!"

काच चार बोटं खाली आली. गुणाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ चाचपली.

"वरडू नको. माल गल्यात हाय माझे, नाकात न्हाय." त्यांनी एक लांब श्वास घेतला. "सोडे, कांदा… आनि सोलं पन हायेत ना, व्याही?"

"हायेत," प्रफुल्लराव पुटपुटले.

"चवदा वरसं झाली हो! माझी आय असाच कालवन करायची." गुणाजींनी काचेतून हात बाहेर काढून व्याह्यांचा हात धरला. "माल न मोडता मला त्याचा वास दिलाव, लय मोठ्या मनाचा मानूस तुमी. मी तुमाला उगाच कद्रू समजलो. धनेश, काचा वर कर. आनि ही गाडी जो कोन धुवंल त्याची गाठ माझ्याशी हाय!"

मनुबाई नाकाला पदर लावून एकविरेपर्यंत गेल्या. प्राप्ती वाटभर तोंड फिरवून हसत होती. आणि प्रफुल्लरावांची छाती अशी फुगली की सीटबेल्ट लागेना.

पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा अंगणात आली. मागच्या काचेवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सासऱ्यांची कृपा'. प्रफुल्लरावांना भरून आलं. त्यांनी गाडीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला, कचेरीच्या ग्रुपवर टाकला, स्टेटसलाही ठेवला. मग जावयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धनेश, अरे एवढा मान कशाला?"

"मान कसला, मामा?" धनेश म्हणाला. "गाडीत बसनारा जो तो इचारतो, ह्यो वास कसला? किती जनांना सांगत बसू? आता नुसता मागं बोट दाखवतो."