काळ्या चौकोनाचा शेजार

आमच्या ऑनलाइन वर्गात तिसऱ्या आठवड्यापासून शेजारच्या चौकोनात वस्तू देता येऊ लागल्या. सुरुवात कोठावळ्यांच्या चष्म्यावरून झाली. दिगंबर कोठावळे मनमाडचे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्या दिवशी त्यांना चष्मा सापडत नव्हता. माझ्या पडद्यावर त्यांच्या शेजारच्या चौकोनात मिरजेच्या रुक्साना मुल्ला असतात. त्या परिचारिका आहेत. त्या म्हणाल्या, "काका, माझा घालून बघा, नंबर जवळपास असेल," आणि चौकोनाच्या कडेतून हात घालून त्यांनी आपला चष्मा दिला. कोठावळ्यांनी तो घातला, "बरा आहे, पण दांडी सैल आहे," असं सांगितलं, आणि आम्ही अनुमानाच्या नियमांकडे वळलो.

मी तेव्हाच वर्ग थांबवायला हवा होता की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवल्यावर एका मुक्त शिक्षण संस्थेने मला 'तर्कशास्त्राची तोंडओळख' हा ऑनलाइन अभ्यासक्रम दिला होता, आणि पहिल्या दिवसापासून माझी एकच तक्रार होती, की या वर्गात वर्गच नाही. कॉलेजात मी फळ्याकडे तोंड करून काही बोलायचो, आणि खरं शिकणं माझ्या पाठीमागे व्हायचं. बाकावर कोपर लागायचं, वही सरकायची, कोणीतरी कोणालातरी हळूच "अरे, असं नाही, असं," म्हणायचं. आपण केवळ त्या सगळ्याचं निमित्त आहोत, असा संशय मला कित्येक वर्षं होता. चौकोनांत कोणाचं कोपर कोणाला लागत नव्हतं. आता लागू लागलं, तर तक्रार कशी करायची?

अडचण आली ती क्रमाची. प्रत्येकाच्या पडद्यावर चौकोन वेगळ्या क्रमाने दिसत. कोठावळे म्हणत, माझ्या डोक्यावर मुल्लाताई राहतात. मुल्लाताई म्हणत, मी कोणाच्या डोक्यावर नाही. संस्थेच्या समन्वयक मृणाल गुजर यांना मी कळवलं. त्यांचं परिपत्रक आलं: देवघेवीसाठी प्राध्यापकांच्या पडद्यावरील क्रम ग्राह्य धरावा, आणि वर्ग संपण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या वस्तू आपल्या चौकोनात घ्याव्यात. दुसरी सूचना कोठावळ्यांच्या अडकित्त्यामुळे होती. एकदा वर्ग बंद होताना तो दोन चौकोनांच्या मधोमध राहिला, आणि नंतर ना मनमाडला सापडला, ना मिरजेला.

म्हणजे कोण कोणाच्या शेजारी, हे माझ्या हातात आलं. बोटाने चौकोन ओढला की माणसाचा शेजार बदले. मी फार विचार करून शेजार लावले. ज्यांना नियम कळत ते न कळणाऱ्यांजवळ, अबोल माणसं बोलक्यांजवळ. चारच दिवसांत लोक एकमेकांच्या वहीत खुणा करू लागले. मुल्लाताई वर्ग सुरू होण्याआधी कोठावळ्यांची नाडी बघत.

उरला एक काळा चौकोन. त्याचा कॅमेरा कायम बंद. नावाच्या जागी फक्त 'विद्यार्थी'. पडद्याच्या तळाशी तो एकटाच होता. विचारलं तर उत्तर येत नसे, पण कधीकधी सतरंजीवर बरीच माणसं सरकून बसावीत तसा आवाज येई. कोणालाही शेजाराविना ठेवू नये, असं मी स्वतःच शेजार लावताना म्हटलं होतं. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मी तो चौकोन सुलभाताईंच्या शेजारी नेऊन ठेवला.

सुलभा नाईकवाडी इस्लामपूरच्या. बालवाडी चालवून थकलेल्या, पण माणसांना न थकलेल्या. दुसऱ्याच दिवशी काळ्या चौकोनातून एक हात बाहेर आला आणि त्यांच्या टेबलावर काशाची वाटी ठेवून गेला. वाटीत गरम भात होता.

"कोणाचं नाव आहे का बघा वाटीवर," कोठावळे म्हणाले.

"होतं वाटतं. घासून घासून गेलंय." सुलभाताईंनी एक घास घेतला. "भात छान आहे हो. पण अळणी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीत मटकीची उसळ घालून ती परत दिली. त्याच्या पुढच्या दिवशी वाटी आली, पुन्हा भात, पुन्हा अळणी. मग शिरा गेला, भात आला. थालीपीठ गेलं, भात आला.

"मी म्हणते, मीठच पाठवावं का एकदा?"

"नको ताई," मुल्लाताई म्हणाल्या. "बीपीचा पेशंट असेल. डॉक्टरांनी बंद केलं असेल. आपण कशाला?"

"इतका भात खातो म्हणजे कोकणातला असणार," कोठावळे म्हणाले.

शेवटच्या तासाला दुपारी सुलभाताई वाटीची वाट बघत होत्या. वाटी आली नाही. "आज शेवटचा दिवस," त्या म्हणाल्या, "निदान निरोप घेऊन येते." मी काही म्हणायच्या आत त्या कडेतून आत गेल्या. त्यांच्या चौकोनात खुर्ची राहिली आणि भिंतीवरचं कॅलेंडर.

मी उजळणी सुरू ठेवली. थोड्या वेळाने त्या चौकोनात त्यांची सून आली.

"सर, आई कुठायत?"

"शेजारी गेल्यात."

"अगंबाई. चहा ठेवू की झाकून ठेवू?"

मी काळ्या चौकोनाकडे तोंड करून हाक मारली. सुलभाताईंचा आवाज आला, जरा लांबून, मोठ्या खोलीतून यावा तसा.

"सर, हे लोक सोडेनात. पहिल्यांदा घरी आलात, रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणतात. भात टाकलाय."

"किती जण आहेत?"

"अंधुक दिसतंय हो. पण ओळीने बसलेत. चेहरे ओळखीचे वाटतात. नावं विचारली की म्हणतात, हजेरी सरांकडे आहे."

तेवढ्यात गुजरबाईंचा फोन आला. "सर, पाच वाजता वर्ग आपोआप बंद होतो. मुदत वाढत नाही, मी विचारून बघितलं. सगळे आपापल्या चौकोनात आहेत ना?"

मी "बघतो" म्हणालो. अडकित्त्याचं कोणी बोललं नाही, पण कोठावळे रिकाम्या मुठीची उघडझाप करत होते.

मग मी आयुष्यात एकदाच तर्कशास्त्र वापरलं. मी वर्गाला म्हणालो, भरलेली वाटी आली की भरलेली द्यावी लागते. ती भरलेली गेली की पुन्हा भरलेली येते. या साखळीला शेवटची कडी नाही. सुलभाताई भात घेऊन आल्या की आपण काही द्यायचं, म्हणून आतल्यांना आणखी काही द्यावं लागणार, म्हणून ते ताईंना ठेवून घेणार. निष्कर्ष काय?

"कोणीतरी वाटी रिकामी परत द्यायची," कोठावळे म्हणाले. "शेजार तुटला की माणूस घरी."

"मी नाही देणार," मुल्लाताई म्हणाल्या. "दारात आलेली वाटी रिकामी? आमच्यात नाही चालत."

"आमच्यात तरी कुठं चालतं? माझी आई वरून येऊन कान धरेल." कोठावळ्यांनी चष्मा पुसला. "सर, राग मानू नका, तुमच्या चौकोनाला शेजारीच नाही. तुम्हाला कोण काय म्हणणार?"

निष्कर्ष बरोबर होता. मी काळा चौकोन उचलला आणि माझ्या शेजारी आणला.

हात लगेच आला, जणू इतके दिवस याच बाजूला यायचं होतं. म्हातारा हात, बोटांच्या चिरांत पांढरी भुकटी, खडूची असावी तशी. त्याने वाटी माझ्या टेबलावर ठेवली. भात अर्धवट शिजलेला होता, तरी पाठवला होता. मी तो सगळा खाल्ला. असा भात मी फार दिवसांत खाल्ला नव्हता. फक्त मीठ नव्हतं.

वाटी विसळायला स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर मिठाची बरणी होती. मी तिचं झाकण काढलं. मूठभर मिठाने काय झालं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आताही कळतं. पडद्यावरून सून विचारत होती, "सर, येतायत ना आई?" मी झाकण लावलं.

रिकामी वाटी मी त्या हातात दिली. त्या हाताने अंगठा फिरवून तिचा तळ चाचपला. एकदा, मग पुन्हा एकदा, कडेपर्यंत. मग तो आत गेला. आतला सतरंजीचा आवाज थांबला.

सुलभाताई आपल्या चौकोनात उभ्या होत्या. पदराला धुराचा वास येतोय, असं सून म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. सुलभाताईंनी पडद्यात बघितलं.

"रिकामी कोणी दिली?"

कोठावळे आणि मुल्लाताई खाली बघू लागले.

"मी," मी म्हणालो.

"भात होत आला होता हो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कॅमेरा बंद केला.

पाच वाजता वर्ग बंद झाला. प्रमाणपत्रं सर्वांना मिळाली. कोठावळे आणि मुल्लाताई फोनवर बोलत असतात, असं कळतं. अभिप्रायात संस्थेला 'वर्गात आपुलकी होती' असं लिहून आलं. माझ्याविषयी कोणी वाईट लिहिलं नाही.

त्या संध्याकाळी लॅपटॉप मिटायला गेलो, तेव्हा पडद्याच्या कडेतून हात बाहेर होता. उताणा, बोटं किंचित वाकलेली, रिकामा. अजून आहे. मिठाची बरणी मी शेजारी आणून ठेवली आहे, पण मीठ कोणाच्या हातावर देऊ नये, भांडण होतं, एवढं मलाही माहीत आहे. ते वाटीतूनच द्यायला हवं. वाटी त्यांच्याकडे आहे, आणि एकदा रिकामी परत आलेली वाटी कोणी त्याच घरी पुन्हा पाठवत नाही. मी हे बऱ्याचदा तपासलं. तर्कात चूक नाही.

गुजरबाईंनी पुढच्या सत्राबद्दल विचारलं. मी होकार दिला आहे. या खेपेला पहिल्या तासापासून हजेरी घेईन म्हणतो, जुन्या वर्गांचीही. नावं आठवायला बसलो आहे. थोडीच आठवतात.

माझा डबा हल्ली अळणी लागतो. डबा देणाऱ्या बाई म्हणाल्या, मीठ नेहमीइतकंच असतं. लॅपटॉप मी हाताला चिमटा बसणार नाही इतपत मिटतो आणि वरून नॅपकिन टाकतो. जेवायला बसलो की मात्र नॅपकिन काढतो. समोर कोणी असताना त्याला झाकून जेवू नये.