पास्कूदादांच्या बांधावरची लाइन

गिरीज गावच्या माणसाबद्दल वाचायला बसलात म्हणजे पहिल्या ओळीत केळी येतील, दुसरीत चर्चची घंटा वाजेल आणि तिसरीत कोणीतरी आग्रहाने जेवायला वाढेल, अशी तुमची तयारी असणार. सॉरी. हे सगळं ऑफिससाठी इंटरनेटची लाइन कशी निवडतात त्याबद्दल आहे. केळी येतील, पण उशिरा, आणि आली की तुम्हाला आवडणार नाहीत. मलाही नाही आवडली.

तर इनासअंकल. आमचे मालक. इंटरनेट कंपनीचा माणूस दारात आला की अंकल त्याला आधी घरामागच्या बावखलावर न्यायचे. बावखल म्हणजे इकडच्या वाड्यांमधलं तळं, त्याच्याच पाण्यावर केळी नि भाजी शिंपायची. बिचाऱ्याचा इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बुटांना चिखल. अंकल त्याच्या हातात बादली द्यायचे.

"काढ पाणी. आता समज, तुझ्याबरोबर अजून चार घरं काढतायत. तुला किती येणार?"

"सर, आपला शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे."

"बादली सांग, बादली."

आम्ही पाच जण अंकलच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत लग्नाचे अल्बम बनवतो. सुरत-नाशिकचे फोटोग्राफर ढिगाने फोटो पाठवतात. आम्ही नवऱ्याची पिंपल्स घालवतो, मांडवातला कूलर पुसतो आणि तयार अल्बम परत पाठवतो. फोटो यायला पटकन येतात, जायला मात्र रडवतात, कारण साध्या नेटला यायला हायवे असतो आणि जायला पायवाट. त्यात पाच वाजता गावातली पोरं शाळा-क्लासवरून घरी आली की सगळी त्याच तारेवर. मग अंकल खुर्चीतून उठून जाहीर करायचे, "पाणी आटलं." आणि आम्ही चहा टाकायचो.

म्हणून त्यांना पाळीचं नेट नको होतं. स्वतंत्र लाइन पाहिजे होती, दुसऱ्या कोणाची वाटणी नसलेली. "येणं तेवढं जाणं," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते फक्त नेटपुरतं नव्हतं. शेजारणीने कालवणाचं भांडं पाठवलं की ते रिकामं परत जायचं नाही, दोन अंडी तरी घालून जायचं. येणं तेवढं जाणं.

एकच काम ते घ्यायचे नाहीत. कोणी म्हणालं, दिराशी आमचं बिनसलंय, त्याला ग्रुप फोटोतून उडवा, तर अंकल थंडपणे सांगायचे, "कूलर पुसतो, पोट आत घेतो, माणूस पुसत नाही." एका गिऱ्हाइकाने यावरून अख्खं काम उचलून नेलं. आम्ही डोक्याला हात लावला.

मी सफाळ्याचा. शाळेत गणितात भोपळा, पण हेडमास्तरांचा आवाज असा काढायचो की शिपाई जाऊन घंटा द्यायचा. अंकल मला नावाने हाक मारत नाहीत, "रेडिओ" म्हणतात. त्यांचा आवाजही मी हुबेहूब काढतो. फक्त त्यांची घरची बोली मला कधी उचलता आली नाही, कारण ती ऐकायलाच मिळायची नाही. ती ते घरच्यांशी बोलायचे, आणि घरात होतं कोण? बायको वारली, मूल नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर बहीण भेटली तर तेवढंच.

खरं म्हणजे घरचा एक माणूस बांधापलीकडेच होता. पास्कूदादा, सख्खा मोठा भाऊ. बावखल दोघांचं सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. अकरा वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात पास्कूदादांनी अंकलच्या पाळीत आपली मोटर चालू ठेवली आणि अंकलची पानवेल वाळून गेली. अंकल बोलू नये ते बोलले. तेव्हापासून दोघांत येणंही नाही नि जाणंही नाही.

आणि रस्ता नेमका पास्कूदादांच्या बाजूला. तीन कंपन्या बघून गेल्या, तिघांचं एकच म्हणणं. केबल त्या बांधाखालून आणावी लागेल, मालकाची सही आणा. दोन कंपन्यांनी नंतर फोन उचलणं बंद केलं. तिसऱ्या कंपनीच्या माणसाच्या प्रत्येक वाक्यात "बेसिकली" असायचं. तो म्हणाला, सही झाली की कळवा. अंकल "बघतो" म्हणाले आणि तीन महिने काहीच बघितलं नाही.

एके दुपारी मला अवदसा आठवली. आमच्यातल्या शीतलचा जुना मोबाइल घेतला, मागच्या खोलीत गेलो आणि अंकलना फोन लावला. "बेसिकली सर, परवा सकाळी आपली टीम येतेय. बाजूवाल्यांची परवानगी बेसिकली रेडी ठेवा." आता अंकल भडकणार, मग मी हसत बाहेर येणार, असा प्लॅन.

अंकल फक्त म्हणाले, "ठेवतो रेडी."

फोन ठेवला, शर्ट बदलला आणि मागच्या दाराने निघाले.

आम्ही खिडकीला चिकटलो. अंकल बांधावर उभे होते. पास्कूदादा कोयत्याने केळीची सुकी पानं काढत होते, ते थांबले. दोघं त्यांच्या बोलीत बोलायला लागले. मला निम्मंच कळलं, पण अंकलचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. लहान भावाचा होता. तासाभराने परत आले तेव्हा हातात सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची पुडी. सगळ्यांना एकेक वाटली, मला दोन दिली. "खा रे रेडिओ, दादाच्या घरची आहेत."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी सुकेळी खाल्ली.

नंतर बाहेर जाऊन खऱ्या बेसिकलीला फोन केला, हातापाया पडलो. परवा टीम पाठवाच म्हटलं. तो म्हणाला, पंधरा दिवस तरी कोणी मोकळं नाही.

परवाच्या सकाळी बघतो तर केबलला वाट म्हणून पास्कूदादांनी बांधावरची केळीची पाच झाडं तोडून ठेवलेली. दोन खुर्च्या मांडलेल्या. इस्त्रीचे शर्ट घालून दोघं भाऊ नऊ वाजल्यापासून रस्त्याकडे बघत बसले. गप्पा चालल्या होत्या, मधूनच हसत होते. साडेबारा झाले. पास्कूदादा काहीतरी म्हणाले आणि अंकलनी खिशातून मोबाइल काढला. ज्या नंबरवरून फोन आला होता, त्यालाच त्यांनी लावला.

शीतलच्या ड्रॉवरमध्ये मोबाइल वाजायला लागला. खिडकी उघडी होती.

अंकलनी फोन कापला, ड्रॉवर गप्प झाला. परत लावला, परत वाजला. पास्कूदादांनी खिडकीकडे बघितलं, मग भावाकडे. एकच वाक्य बोलले, आणि नेमकं ते मला पुरतं कळलं. "अकरा वर्षांनी आलास, ते माझी गंमत करायला." आपली खुर्ची उचलली आणि निघून गेले.

मी धावत गेलो. अंकलना काहीच ठाऊक नव्हतं, सगळं माझं, असं दोघांनाही सांगितलं. पास्कूदादांनी फाटकाआडून ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि फाटक लावून घेतलं. पुढे महिन्याभराने खरी टीम आली. सही मिळाली नाही. आमचं पाणी अजून पाचलाच आटतं.

पण त्या दिवशीचं राहिलंच. पाच वाजता अंकल माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, नोकरी गेली. ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांनी मला हळू आवाजात झापलं, आणि घरच्या बोलीत झापलं. ती मला लिहिता येत नाही, म्हणून आपल्या मराठीत सांगतो.

"मला फसवलंस, ते सोड. पण दादाने पाच राजेळी केळी तोडल्या रे. तिघींना घड लागला होता. मी नको नको म्हणतोय, तर म्हणाला, माझ्यापायी तुझी पानवेल गेली होती ना, मग राहू दे. हे अकरा वर्षांनी म्हणाला. लाइनचं काय, ती आज ना उद्या कुठूनतरी येईल. तो आता दुसऱ्यांदा केळी तोडणार नाही."