काहीही न करण्याचं अनुदान

खटपट्याला सरकार काहीही न करण्याचे पैसे देत होतं आणि हे काम त्याला झेपत नव्हतं.

योजना तशी साधी. घराशेजारचं वरचं शेत तीन वर्षं नुसतं पडू द्यायचं. नांगरणी नाही, पेरणी नाही, खुरपणी नाही. मातीला विश्रांती, शेतकऱ्याला अनुदान. रिकामं बसवत नाही म्हणून ज्याला अख्ख्या गावाने हे नाव ठेवलं, त्याने पावणेतीन वर्षं कसाबसा हात आवरला होता. नियम मोडला तर घेतलेले सगळे पैसे परत. आणि ते पैसे तर कौलं होऊन घराच्या छपरावर बसले होते.

तपासणीला तीन आठवडे उरले असताना वरच्या शेतात भोपळ्याचा वेल दिसला. चांगला हातपाय पसरलेला. चौकशीअंती कळलं, की मुक्कामाला आलेल्या सासूबाईंनी बिया बांधावरून भिरकावल्या होत्या. त्यांनी ते नाकारलं नाही. उलट, आपल्या हाताला गुणच तसा आहे म्हणाल्या.

खटपट्या वेल उपटायला धावला. बायकोने वाटेतच अडवलं.

"अहो, उपटलात तर खुरपणी झाली."

"आणि ठेवला तर पीक झालं."

शेवटी ऑफिसात फोन लावला. तोंडात घास असलेल्या कारकुनाने सांगितलं, की आपोआप उगवलेलं चालतं. पण त्याची राखण केली किंवा फळ काढलं, तर ते पीक.

"फळ दुसऱ्याच कुणी काढलं तर?"

"शेत कुणाचं?"

"माझं."

"मग पीकही तुमचंच."

त्या दिवसापासून खटपट्याची झोप उडाली. वेलाला अकरा भोपळे धरले. शेजारी येता-जाता त्यांच्याकडे नको इतक्या प्रेमाने बघू लागला. लक्ष ठेवणं भाग होतं, पण ठेवलं तर राखण. मग खटपट्या भोपळ्यांकडे पाठ करून खालच्या शेताच्या बांधावर बसला आणि हातातल्या आरशातून वेलावर नजर ठेवू लागला.

"राखण का रे?" शेजाऱ्याने विचारलं.

"छे, दाढी करतोय."

तिसऱ्या दिवशी दाढी संपली. तो करतच राहिला.

खालच्या शेतात घेवडा होता आणि त्यात तण माजलं होतं. बायको दिवसभर डेअरीत कामाला. ती रोज संध्याकाळी बजावायची, की घेवडा गिळला गवताने. पण खुरपायला वाकायचं म्हणजे आरसा खाली ठेवायचा. आणि तेवढ्यात एखादा भोपळा गेला तर छपरासकट सगळंच गेलं.

तपासणीच्या दिवशी बायकोने सुट्टी घेतली. मोटारसायकलवरून साहेब आले. अर्जावर 'घराशेजारचं शेत' एवढंच होतं. त्यांनी दोन्ही शेतांवर नजर टाकली आणि काही न विचारता खालच्या शेतात शिरले. कमरेपर्यंत गवत. साहेब गहिवरले.

"शेवटचा हात कधी लावलाय याला?"

"तीन आठवडे तर अजिबात नाही, साहेब," खटपट्या म्हणाला. खरं तेच.

"नाहीतर लोक चोरून काहीबाही पेरतात हो." बाहीला अडकलेली घेवड्याची शेंग झटकत साहेबांनी फोटो काढला.

खटपट्याने तोंड उघडलं. बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

"आणि वरचे भोपळे झकास आलेत. मेहनत दिसते," असं म्हणत साहेब बांध चढले आणि त्यांनी सगळ्यात मोठ्याचा देठ पिरगळलासुद्धा. "एक नेतो, चालेल ना?"

तीन आठवडे ज्याची धास्ती होती, ते असं सरकारी हातांनी झालं.

साहेबांनी भोपळ्यावरच कागद टेकवून खालच्या शेताला 'उत्कृष्ट' शेरा दिला, हप्ता मंजूर केला, वर खूश होऊन तीन वर्षांची मुदतवाढही दिली आणि निघून गेले.

मोटारसायकलची धूळ खाली बसल्यावर खटपट्याने बायकोला विचारलं, "म्हणजे आता वरच्या शेतात खुरपलं तर चालेल?"

"खुरपायलाच हवं. पीक आहे ते."

"आणि खालचा घेवडा?"

बायकोने साहेब गेलेल्या रस्त्याकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कुठला घेवडा?"