पुंडलिकबाबांची पावणी

पुंडलिकबाबांना बोली लावायची असली की ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, उभे राहत. फोन समोरच्या स्टुलावर ठेवत आणि शेजारच्या वाड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात आकडा पुकारत. मग खाली वाकून तोच आकडा एका बोटाने फोनवर दाबत.

"अहो, फोनला कान नाहीत," मी एकदा म्हणालो.

"मास्तर, मनातल्या मनात केल्ली ती बोली न्हय. ती चोरी."

पुंडलिकबाबांना जाऊन आता वर्ष होईल. घरासमोरून जाताना माझे पाय अजून मंदावतात.

बोली पुकारायची हे ते देवळात शिकले होते. आमच्या सर्वण गावात जत्रेनंतर देवापुढे आलेल्या वस्तूंची पावणी होते. पावणी म्हणजे लिलाव. फणस, केळ्यांचा घड, नारळ. तिथे भाव वस्तूचा नसतो, देवाचा असतो. म्हणून बाजारात कोणी हात लावणार नाही असा फणसही भांडत भांडत वर चढतो. पुंडलिकबाबांच्या घराण्यात त्यातही एक जास्तीची रीत होती. समोर कोणी उरला नाही तरी आपल्याच बोलीवर आपण एकदा चढायचं. देवाच्या वस्तूला एकट्याची बोली शोभत नाही, म्हणे. इंटरनेटवरच्या लिलावातही ते हेच करीत. लांब कुठल्या तरी शहरात बसलेला जुन्या ड्रिल मशीनचा मालक चक्रावून जात असणार.

डिचोलीजवळच्या एका खाणीच्या वर्कशॉपात ते सव्वीस वर्षं फिटर होते. खाणी बंद पडल्या आणि ते घरी आले. पणजीला नोकरी करणाऱ्या मुलीने भजनं ऐकायला म्हणून फोन घेऊन दिला. भजन एकही ऐकलं गेलं नाही. गोठ्यात मात्र दोन ड्रिल, एक ग्राइंडर आणि लोखंड पकडून धरायचे तीन वायस येऊन बसले. एक मशीन तर थ्री-फेजवर चालणारं निघालं. गोठ्यात होता एक बल्ब.

इंग्रजी वर्णन वाचून सांगायचं काम माझं. गोव्यातल्या भाषेच्या आंदोलनात ते कोंकणीवाले आणि मी मराठीवाला. तेव्हा आम्ही चार महिने बोलत नव्हतो. पण त्या चार महिन्यांतही त्यांच्या घरचे हळदीच्या पानातले गोड पातोळे आमच्याकडे येत होते, तेव्हा इंग्रजीपुरती माझी मदत मी नाकारणं शक्य नव्हतं.

"मास्तर, न्हाणीतलो नळ म्हयनोभर गळता," त्यांच्या पत्नी शालिनीवहिनी मला ऐकवीत. "घरात इतकीं यंत्रां, आनी नळ दुरुस्त करूंक भायलो मनीस येता!"

"हांव डंपराचो फिटर," आतून उत्तर येई. "नळाचो न्हय."

एके दिवशी यादी वाचता वाचता मी थांबलो. त्यांच्याच बंद वर्कशॉपातली हत्यारं विकायला निघाली होती. पाने, हातोड्या, कानशी, सगळं एकाच लॉटमध्ये. वर लिहिलं होतं, 'भंगार'.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"भंगार कोणाक म्हणटा रे तूं?" ते फोनवर ओरडले. फोन बिचारा गप्प.

वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "वर्कशॉप बंद जालें त्या दिसा सगळ्यांक जेवणाच्या वेळार भायर काडले, मास्तर. हत्यारां भितरच रावलीं. तांचो वांकडो पानो थंयच आसा."

डंपरच्या एका आडोशातल्या नटापर्यंत सरळ पाना पोचत नसे. तेव्हा पुंडलिकबाबांनी एक पाना भट्टीत तापवून स्वतःच्या हाताने वाकवला होता.

"आमचें लग्न कोणत्या म्हयन्यांत जालें तें तांका याद ना. पानो कोणत्या वारी वांकडायलो तें याद आसा," वहिनी म्हणाल्या. मग डब्यामागची पैशांची पुरचुंडी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "तांका दियात. नळाचें मागीर पळोवया."

लिलाव सकाळी अकराला होता आणि नेमकी त्या दिवशी घरी रेंज नव्हती. आम्ही तिघं बसथांब्यावर गेलो. लिलावात समोर एकच जण होता, बहुधा कोणी भंगारवाला. त्याचं नाव दिसत नव्हतं, नुसता नंबर. तो सगळं वितळवणार हे उघड होतं.

पुंडलिकबाबांनी पहिला आकडा पुकारला तेव्हा थांब्यावर चार माणसं होती. पाचव्या आकड्याला मासळीवाली पाटी खाली ठेवून उभी राहिली. आठव्याला बस आली ती सुटेचना. खिडक्यांतून माना बाहेर आल्या.

"चड रे पुंडलिका, सोडूं नाका!"

"कोण तो समोरचो? हांगा येवंक सांग ताका!"

कंडक्टर फूटबोर्डवरून पुकारू लागला, "एक वार... दोन वार..."

समोरचा गप्प झाला. एक मिनिट उरलं होतं. पुंडलिकबाबांनी घराण्याच्या रीतीप्रमाणे पुन्हा तोंड उघडलं, तोच वहिनींनी फोन उचलून पदराखाली घेतला.

"पुरो आतां! हो देवाचो फणस न्हय!"

मिनिट संपलं. बसमध्ये टाळ्या झाल्या.

दोन दिवसांनी टेंपोतून सात पोती उतरली. वर्कशॉपात प्रत्येक जण आपल्या हत्यारावर आपली अक्षरं ठोकत असे. पुंडलिकबाबांना अक्षरं पाहावीही लागली नाहीत. मूठ हातात घेऊन ते मालकाचं नाव सांगत. मग त्यांनी जुन्या सोबत्यांना फोन लावायला सुरुवात केली. आता टॅक्सी चालवणारा एक आला. हॉटेलात वॉचमन झालेला आला. कोणी हसत नेलं, कोणी अंगणात उगाच बसून राहिलं. आठ दिवस हे चाललं.

शेवटी उरली एक हातोडी. तिचा मालक तेरेखोलचा, तो वारला होता. बस आणि फेरीबोट करून आम्ही दोघं गेलो. त्याच्या बायकोने दारातच हातोडी उलटसुलट पाहिली.

"हें घेवन हांव कितें करूं?"

"कितेंच करूं नाका, बाय," पुंडलिकबाब म्हणाले. "तें भंगार न्हय, इतलें घरांत कळूं दी."

परतताना फेरीबोटीत मी विचारलं, "बाब, तुमचा पाना कुठे ठेवलात? दाखवला नाहीत."

"तो पोत्यांत मेळ्ळोच ना."

"कधी कळलं?"

"पयल्याच दिसा."

नदी भरतीला होती. फेरीबोट थोडी कलून चालली होती.

"कोणें तरी आदींच काडून व्हेला," ते म्हणाले. "वांकडो पानो. दुसऱ्याच्या हाताक सामको बसचो ना. दोन दीस गाळी घालतलो तो." मग पैलतीराकडे बघत म्हणाले, "तिसऱ्या दिसा मात नट सुटतलो."