धार मंडळाची टोमॅटो परीक्षा

"कंपनी आता पूर्वीची राहिली नाही," शिंपीमास्तर म्हणाले, आणि चष्मेवाल्यांच्या हातातला टोमॅटो टेबलावर पडला.

धार मंडळाच्या सभेत असं वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. मंडळ तसं मोठं नव्हे. सभासद तीन: चष्म्याचं दुकान चालवणारे चष्मेवाले, ज्यांच्या दुकानात कापड बेतायच्या टेबलाभोवती सभा भरे ते शिंपीमास्तर, आणि बँकेतल्या कॅशियरबाई. दर रविवारी सकाळी तिघं आपापले चाकू घेऊन जमत, पात्यांवरून अंगठा फिरवत आणि धार लावायच्या दगडांवरून तावातावाने भांडत. बाहेरून पाहणाऱ्याला दरोड्याचा बेत चाललाय असंच वाटलं असतं. धार बघायची तर चाकूने हातावरचे केस उतरवून बघायची, ही मंडळाची रीत, त्यामुळे तिघांचाही डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत होता. आणि तिघांच्याही घरचे चाकू एकाच कंपनीचे. तिचं नाव मंडळात कुणी घेत नसे. नुसतं 'कंपनी' म्हणत, घरातल्या मोठ्या माणसाबद्दल बोलावं तसं.

"मास्तर, शब्द मागे घ्या," चष्मेवाले म्हणाले.

"का घेऊ? माझ्या साडूने गेल्या महिन्यात नवा चाकू घेतला. पाव कापायला गेला तर पाव चेपून बसला."

"साडूला चाकू धरता येत नसेल."

"साडू हॉटेलात आचारी आहे!"

चष्मेवाले लालबुंद झाले. मंडळाला कंपनीची वाट दाखवली होती ती त्यांनीच, पंधरा वर्षांपूर्वी. तसं पाहिलं तर जगात त्यांना फारसं कुणी विचारत नसे. घरात बायकोचं चाले, दुकानात गिऱ्हाइकाचं. रविवारचे दोन तास तेवढे असे होते, की चष्मेवाले म्हणतील तो चाकू आणि ते म्हणतील ती धार.

"मी नवा मागवतो," ते म्हणाले. "इथेच, तुमच्यासमोर टोमॅटो परीक्षा घेऊ. नापास झाला तर मी मंडळ सोडतो."

"अहो, एवढं कशाला?" कॅशियरबाई म्हणाल्या. "दोघंच उरलो तर त्याला मंडळ कोण म्हणेल?"

पण शब्द तोंडातून गेला होता. टोमॅटो परीक्षा म्हणजे पिकलेला टोमॅटो टेबलावर ठेवायचा, दुसरा हात लावायचा नाही, आणि चाकू नुसता ओढून चकती काढायची. टोमॅटो जागचा हलला, की चाकू नापास.

चाकू गुरुवारी दुकानात आला. खोकं काय, आत मखमल काय, लाकडी मुठीची चकाकी काय! दुपारी दुकान बंद करून चष्मेवाल्यांनी काउंटरवर टोमॅटो ठेवला आणि चाकू ओढला. टोमॅटो घरंगळत गेला आणि फ्रेमांच्या ट्रेमध्ये जाऊन पडला. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. धार कसली, पात्याला नुसता गोल काठ होता. मग त्यांनी एकामागून एक तीन दगड काढले आणि शुक्रवार दुपारपर्यंत पातं घासलं. धार आली. एक कांदा चिरला, आणि दुसऱ्या कांद्याला गेलीसुद्धा. पोलाद इतकं मऊ होतं, की त्याला धार लावणं म्हणजे निव्वळ हमाली. त्यांना खरोखर रडू यायला झालं. पंधरा वर्षं जिची बाजू घेतली, त्या कंपनीने ऐन वेळी असं तोंडघशी पाडावं!

पण कंपनीच्या चाकूची मूठ दोन बारीक स्क्रूंवर बसते, आणि बारीक स्क्रूंची चष्मेवाल्याला काय भीती? घरचा जुना चाकू त्याच नमुन्याचा होता. शनिवारी त्यांनी जुनं पातं काढलं, काचा चमकवायच्या पावडरने लखलखीत केलं आणि नव्या मुठीत बसवलं. नवं पातं जुन्या मुठीत घालून स्वयंपाकघरात ठेवून दिलं.

"अहो, हा चाकू आज कापत का नाही?" संध्याकाळी बायकोने विचारलं.

"चाकूला काय झालंय? तुझ्या मनगटात जोर राहिला नाही. रबरी चेंडू दाबत जा."

बायको बिचारी चेंडू दाबू लागली.

रविवारी चाकूने टोमॅटोतून अशी चकती काढली, की तिच्यातून पलीकडची खिडकी दिसावी. मास्तरांनी ती चकती उजेडात धरून पाहिली आणि खाऊन टाकली.

"हरलो," ते म्हणाले. "साडूच गाढव आहे. मीही एक नवा मागवतो."

"मीपण," कॅशियरबाई म्हणाल्या.

"घाई कशाला?" चष्मेवाले घाबरून म्हणाले.

"घ्या! आता तुम्हीच म्हणता घाई कशाला?" मास्तर म्हणाले.

तीन आठवडे चष्मेवाल्यांना जेवण गोड लागलं नाही. दोघांचे चाकू येणार, बोथट निघणार आणि आपलं बिंग फुटणार. प्रत्यक्षात झालं भलतंच. दोघांचे चाकू आले, टोमॅटोवर चालले आणि दोघांनीही कागदासारख्या चकत्या काढल्या.

"मानलं कंपनीला," मास्तर म्हणाले. कॅशियरबाईंनी नुसती मान हलवली.

म्हणजे खराब माल आला तो एकट्या आपल्याच नशिबी! चष्मेवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. कंपनीला खरमरीत पत्र लिहायला ते सोमवारी दुकानात बसले, तेवढ्यात शिंपीमास्तरांची बायको आत आली.

"भाऊजी, जरा माझे डोळे तपासा. काल-परवापासून काही चिरता येत नाही बघा. कांदा निसटतो, भोपळी मिरची नुसती चेपते."

"वहिनी, त्याचा डोळ्यांशी काय संबंध?"

"हे म्हणतात, चाकू तोच आहे, तुला नीट दिसत नाही. नवा चाकू आल्यापासून सुरू झालंय सगळं. त्याला तर हात लावू देत नाहीत, आणि जुन्याने चिरवत नाही."

चष्मेवाल्यांच्या हातातलं पेन थांबलं. मास्तरांच्या शिवणयंत्राजवळ बारीक स्क्रू-ड्रायव्हर असतो, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं.

त्यांनी वहिनींना समोर बसवून अक्षरं वाचायला लावली. वहिनींनी शेवटची ओळ वाचली आणि तक्त्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात छापलेला छापखान्याचा पत्ताही वाचला. आता काय करावं? नंबर काढून दिला तर ती माउली जन्मभर नसता चष्मा वागवणार. खरं सांगितलं तर मास्तर विचारणार, तुम्हाला कसं कळलं? चष्मेवाल्यांनी चार वेळा काचा बदलल्या, पाच वेळा घसा साफ केला.

"वहिनी, डोळे उत्तम आहेत. चाकू बोथट आहे."

"मग तसं लिहून द्या. माझं ऐकायचे नाहीत ते."

त्यांनी दुकानाच्या कागदावर लिहिलं: 'नजर निर्दोष. चाकू बदलावा.' खाली सही केली. संध्याकाळी घरी मात्र सगळं कबूल केलं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि चेंडू त्यांच्या हातात ठेवला. "आता महिनाभर तुम्ही चिरायचं," ती म्हणाली. "त्याच चाकूने."

रविवारी चष्मेवाले राजीनाम्याच्या तयारीने गेले. मास्तरांनी तो कागद टेबलावर ठेवला होता.

"सही तुमची?"

"माझी. मास्तर, माझ्या नव्या चाकूत पातं जुनं आहे."

मास्तरांनी कागदाची घडी घातली. "माझ्याही," ते म्हणाले. "तुमचा चालला, माझा चालला नाही. म्हटलं, तुम्ही म्हणाल मास्तरांना चाकू धरता येत नाही."

दोघांनाही एकदम इतकं हलकं वाटलं, की ते मोठमोठ्याने हसत सुटले. कॅशियरबाई हसल्या नाहीत.

"बाई, तुमचा तरी चांगला निघाला ना?" मास्तरांनी विचारलं.

"कसला चांगला? मीही तेच केलं," बाई खाली बघत म्हणाल्या.

"घरी कळलं नाही ना?"

"नाही. हे रोज म्हणायचे, सगळं जाड जाड चिरलेलं असतं, चाववत नाही. मी म्हटलं, माझा चाकू चांगला आहे, तुमचेच दात गेले असतील."

"मग?"

"मग काय. काल हे दंतवैद्याकडे जाऊन दोन दाढा काढून आले."

मास्तरांनी ठरावाची वही पुढे ओढली. मंडळाने एकमताने ठराव केला, की कंपनीचा चाकू यापुढे घ्यायचा नाही. ठराव लिहून, वाचून, सह्या करून झाल्या, तरी बाई खुर्चीतून उठेनात. त्यांच्या घरी हे सांगायचं कुणी, यावर सभा दुपारपर्यंत चालली.