खुणा सांगा, घेऊन जा

सोमवारी सकाळी सातवीच्या वर्गात फळ्याशेजारी एक चिठ्ठी लागली. 'सापडली आहे : एक वही. खुणा सांगा, घेऊन जा.' धर्मशिक्षणाच्या सरांनी ती वाचली, कोटाचे खिसे चाचपले, पिशवी टेबलावर उलटी केली, दोन्ही खण ओढून पाहिले आणि चिठ्ठी पुन्हा वाचली. मधल्या वेळात तिच्यात काही फरक पडलेला नव्हता.

शाळा ज्यू मुलांची. गणित, विज्ञान, भाषा चार शाळांत असतात तसेच. शिवाय रोज एक तास धर्मशिक्षणाचा. तो सर घेत. सहा वर्षं घेत होते आणि सहाही वर्षं हंगामी होते. वर्ष संपलं की त्यांना एक पत्र येई, आपली सेवा समाप्त झाली म्हणून. आणि सुट्टी संपता संपता दुसरं येई, ती पुन्हा सुरू झाली म्हणून. त्यांच्या सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "जावई सध्या शिक्षक आहेत." तो 'सध्या' सहा वर्षं टिकला होता. या गुरुवारी मात्र शाळा समितीच्या अध्यक्षबाई स्वतः वर्गात बसून तास पाहणार होत्या आणि सरांना कायम करायचं की कायमचं मोकळं करायचं, ते ठरवणार होत्या.

आता त्या चिठ्ठीविषयी. तीन आठवड्यांपूर्वी सरांनी सापडलेल्या वस्तूंचा कायदा शिकवायला घेतला. जुन्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालून ठेवलेला आहे. सार सोपं : वस्तूला ओळखता येईल अशी खूण असेल, तर सापडणाऱ्याने पुकारा करायचा आणि जो खुणा सांगेल त्याला ती द्यायची. खूणच नसेल किंवा मालकाने आशा सोडली असेल, तर वस्तू सापडणाऱ्याची. त्याच सुमारास मुख्याध्यापकांनी परिपत्रक काढलं, की शिकवलेलं मुलांच्या आचरणात उतरलं पाहिजे. सरांनी ते मनावर घेतलं. वर्गात एक पेटी आली, पेटीला कुलूप आलं, आणि किल्ली गेली वकीलबाईकडे.

वकीलबाई म्हणजे पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी. वय बारा. 'हो' या शब्दावर तिचा विश्वास नव्हता.

पहिल्या आठवड्यात खोडरबरं आणि एक मोजा सुरळीत मार्गी लागले. दुसऱ्या आठवड्यात खेळाचे सर शिट्टी मागायला आले.

"खूण?" वकीलबाईने विचारलं.

"अगं, वाजते ती!"

"सगळ्याच वाजतात, सर."

शिट्टी पेटीतच राहिली. तेव्हापासून खेळाचे सर तोंडात दोन बोटं घालून मैदान चालवत होते आणि धर्मशिक्षणाच्या सरांशी बोलत नव्हते. मग वकीलबाईला नळाजवळ एक छत्री सापडली. ती मुख्याध्यापकांची होती, हे अख्ख्या शाळेला माहीत होतं.

"काळी आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "मूठ वाकडी."

"मोठे सर, या शाळेत काळ्या, वाकड्या मुठीच्या अकरा छत्र्या आहेत. आम्ही मोजल्या."

"पण माझी आहे हे तुला माहितेय की नाही?"

"माहीत असणं वेगळं, खूण वेगळी."

मुख्याध्यापकांनी धर्मशिक्षणाच्या सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तत्त्वतः तिचं बरोबर आहे." त्या दिवशी मुख्याध्यापक तत्त्वतः भिजत घरी गेले. उपक्रम बंदही करता येईना, कारण अध्यक्षबाईंना पाठवलेल्या अहवालात तो पहिल्या क्रमांकावर होता. स्वतःच्याच परिपत्रकाखाली हात सापडलेला माणूस जितका गोड हसू शकतो, तितकं ते हल्ली हसत.

आणि आता वही.

सर वाईट शिक्षक नव्हते. पण सातवीतली मुलं प्रश्न विचारतात, आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं रब्बींनी लिहून ठेवलेली नाहीत. जी ठेवली आहेत ती सरांनी सगळी वाचलेली नाहीत. अशा वेळी सर चष्मा पुसत आणि म्हणत, "चांगला प्रश्न आहे. उद्या सांगतो." मग स्टाफरूममध्ये जाऊन तो प्रश्न, खाली तारीख आणि त्यापुढे 'उत्तर : उद्या' असं इमानदारीत एका वहीत उतरवून काढत. हेतू खरोखर उत्तर शोधण्याचा होता. पण उद्या आला की नवे प्रश्न घेऊन येई. अध्यक्षबाईंच्या हाती ती वही पडली असती, तर सहा वर्षांच्या अज्ञानाचा तारीखवार दाखला त्यांना आयता मिळाला असता.

मधल्या सुट्टीत सरांनी वकीलबाईला गाठलं. "त्या वहीचं काय गं? सहज विचारतोय."

"डुलकीला जिन्यात सापडली, सर." डुलकी म्हणजे शेवटच्या बाकावरचा झोपाळू मुलगा. तो जिन्यातही टेकायला जागा शोधत असे. "तुमची आहे का?"

"असू शकेल. हिरवी आहे?"

"शाळेच्या भांडारातल्या सगळ्याच हिरव्या असतात."

"कडेला चहाचा डाग?"

"स्टाफरूममधून काही बिनडागाचं बाहेर येतं का, सर?"

"बरं, अक्षर माझं आहे!"

"अक्षर खूण म्हणून धरायचं का, हे मी मागच्या महिन्यात विचारलं होतं. तुम्ही 'उद्या सांगतो' म्हणालात." वकीलबाईने त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "आम्ही अजून उघडलेली नाही, दुसऱ्याची वस्तू म्हणून. आत काय आहे ते सांगा. लगेच वर्गासमोर उघडून पडताळते आणि देते."

सरांनी वर्गाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. "नाही गं," ते म्हणाले, "माझी नसावी."

स्टाफरूममध्ये ते खुर्चीत कोसळले आणि स्वतःशीच पुटपुटले, "गेली ती वही. आता कसली मिळतेय!" कोपऱ्यात खेळाचे सर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी बऱ्याच दिवसांनी धर्मशिक्षणाच्या सरांकडे आपुलकीने पाहिलं.

गुरुवारी अध्यक्षबाई आल्या. ठेंगण्या, करड्या केसांच्या, बंदरावरच्या जकात खात्यातून निवृत्त झालेल्या. माणूस बोलायला लागला की त्या त्याच्या तोंडाकडे कमी आणि पिशवीकडे जास्त पाहत. त्या मागच्या बाकावर डुलकीशेजारी बसल्या. मुख्याध्यापक दारात उभे राहिले.

"आमचा एक आदर्श उपक्रम," मुख्याध्यापक दातांच्या फटीतून म्हणाले. "सापडलेल्या वस्तूंची पेटी."

"अस्सं! मग बेवारस माल काय पडलाय सध्या?"

"एक शिट्टी आणि एक वही," वकीलबाई उठून म्हणाली. "वहीसाठी एक जण आले होते, पण खुणा विचारल्यावर 'माझी नसावी' म्हणाले."

अध्यक्षबाईंचा चेहरा उजळला. नोकरीची चाळीस वर्षं त्यांनी हेच वाक्य ऐकलं होतं. "उघड," त्या म्हणाल्या. "पेटी उघडल्याशिवाय मालक सापडत नसतो. मोठ्याने वाच."

सरांनी फळा पुसायला घेतला. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

"प्रश्न पहिला," वकीलबाई वाचू लागली. "देवाने पाप्यांना शिक्षा म्हणून आणलेल्या महापुरात सगळे बुडाले, पण मासे वाचले. म्हणजे मासे पापी नव्हते का? उत्तर : उद्या."

"हा माझ्या ताईचा!" खिडकीजवळून कोणीतरी ओरडलं. "ती सातवीत असतानाचा! घरी अजून विचारते!"

"प्रश्न चाळिसावा. पोपटाने प्रार्थनेला आमेन म्हटलं तर ते धरायचं का? उत्तर : उद्या."

"माझा! आमच्याकडे पोपट आहे!"

"प्रश्न एकोणपन्नासावा. शब्बाथचा विश्रांतीचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. मग चंद्रावर राहणाऱ्याने काय करायचं? उत्तर : उद्या. प्रश्न पन्नासावा. प्रार्थनेला दहा माणसं लागतात. दहावा झोपलेला असेल तर?"

डुलकी जागा झाला. "तो माझा आहे," तो म्हणाला, आणि उत्तराची वाट पाहत जागाच राहिला. वर्गाने एवढा मोठा चमत्कार त्या वर्षात पाहिला नव्हता.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सरांनी डस्टर खाली ठेवलं. "वही माझी आहे," ते म्हणाले.

"सर, उशीर झाला," वकीलबाई हळहळून म्हणाली. "तुम्ही सोमवारी स्टाफरूममध्ये 'गेली ती वही' म्हणालात. खेळाच्या सरांनी मुद्दाम येऊन साक्ष दिलीय. मालकाने आशा सोडली, की—"

"पण मी आशा सोडली ती वही सापडून गेल्यावर!" सर नकळत रंगात आले. "आधी सापडली की आधी आशा सुटली, त्यावर सगळं ठरतं!"

"आणि तेच कळलं नाही तर? मी विचारलं होतं. थांबा हं." तिने पानं उलटली. "प्रश्न एकोणऐंशीवा. उत्तर : उद्या."

अध्यक्षबाई उठल्या, पुढे आल्या, वही हातात घेतली आणि अंगठ्याने पानं चाळली. बॅगेचा तळ चाचपावा तशी.

"यातले प्रश्न कुणाकुणाचे? हात वर करा."

एकवीसच्या एकवीस हात वर गेले. डुलकीने दोन्ही केले.

"म्हणजे माल मुलांचा. ते खुणा सांगतायत. सरांचा यात फक्त 'उद्या' आहे. किती आहेत एकूण?"

"त्र्याऐंशी," वकीलबाई म्हणाली.

"सर, तुमची मुदत कधी संपते?"

"अकरा आठवड्यांनी."

"अकरा आठवड्यांत त्र्याऐंशी उत्तरं होतील?"

सरांनी चष्म्याकडे हात नेला, पण मध्येच थांबले. "नाही," ते म्हणाले. "सहा वर्षांत एकही झालेलं नाही."

दारातून मुख्याध्यापक पुढे सरसावले. छत्री गेल्यापासून ते अशाच क्षणाची वाट पाहत होते. "मग अध्यक्षबाई, समाप्तीचं पत्र आजच टाइप करून—"

"समाप्ती? तपासणी पुरी झाल्याशिवाय आम्ही जहाज बंदराबाहेर जाऊ देत नसू. यांना असं मोकळं सोडलंत, तर या मुलांना उत्तरं कोण देणार, तुम्ही? पोपटाचं सांगा बघू."

मुख्याध्यापक पुन्हा दारात जाऊन उभे राहिले.

"कायम करा. त्र्याऐंशी उत्तरं पुरी होईपर्यंत हा माणूस इथून हलता कामा नये. वही पेटीत, किल्ली हिच्याकडे."

सरांना आनंद झाला की अटक झाली, हे त्यांच्या लवकर लक्षात येईना. एवढं मात्र नक्की होतं, की सासूबाईंना 'सध्या' काढून टाकावा लागणार होता.

तास संपला तेव्हा बाहेर धो धो पाऊस लागला होता. अध्यक्षबाई पायरीवर थबकल्या. "छत्री आहे का कुणाची?"

"माझी आहे," वकीलबाई म्हणाली, आणि कपाटातून काळी, वाकड्या मुठीची छत्री घेऊन आली. मुख्याध्यापकांच्या घशातून एक बारीक आवाज निघाला.

"गुणाची गं बाई! उद्या परत करते हं." अध्यक्षबाईंनी छत्री उघडली आणि फाटकाबाहेर पडल्या.

वळणावर छत्री दिसेनाशी होईपर्यंत मुख्याध्यापक पाहत राहिले. मग शेजारी उभ्या असलेल्या सरांना त्यांनी हळूच विचारलं, "उद्या म्हणजे... नक्की कधी हो?"

सरांनी चष्मा काढला आणि पुसू लागले. वकीलबाईने अजून पेटीत न गेलेली वही उघडली, तारीख घातली आणि चौऱ्याऐंशीचा आकडा टाकला.